बिळेकट्टीचा पोतारा

शिवलीला लग्न होऊन बिळेकट्टीत आली, तेव्हा भिंत पोतारणं म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. तिचं माहेर सोलापुरात, एका जुन्या चाळीत. चाळीच्या भिंतींना छातीपर्यंत हिरवा ऑइलपेंट आणि त्याच्या वर नीळ घातलेला चुना. ते कामही घरमालकाची माणसं करायची, तेही मनात येईल तेव्हा. घराच्या भिंतीला आपण होऊन हात लावायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बिळेकट्टी हे अक्कलकोटकडच्या काळ्या रानातलं लहानसं गाव. उन्हाळ्यात तिथल्या जमिनीला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात चिखल पायातली चप्पल ओढून घेतो. एवढ्या काळ्या रानात गाव मात्र पांढरं होतं. ओढ्याच्या वळणावर काळ्या मातीच्या पोटात पांढऱ्या मातीचा जाड थर उघडा पडला होता. नवरात्राच्या आधी गावातल्या बायका पाट्या घेऊन तिथं जायच्या, माती खणून आणायच्या, रात्रभर भिजवायच्या आणि कापडाच्या बोळ्यानं भिंतींना लावायच्या. तोच पोतारा. भिंतीच्या पायाशी गुडघाभर हुरमुंजाचा, म्हणजे लाल मातीचा, तांबडा पट्टा ओढायचा. पावसात अंगणातली काळी माती उडून भिंतीला लागते, तिचे डाग तांबड्यात दिसत नाहीत. वरचं सगळं पांढरं. वैशाखात बाहेर डोळे उघडवत नसत, तेव्हा त्या पांढऱ्या भिंतींच्या आत माणसं निवांत झोपायची.

सावित्रम्मा म्हणजे शिवलीलाची सासू. शिवलीला तिला कन्नड रीतीनं अत्ती म्हणायची. पहिल्याच दसऱ्याला सुनेनं विचारलं, "अत्ती, दरवर्षी एवढा खटाटोप कशाला? डिस्टेंपर मिळतो की दुकानात."

"आपण कपाळाला रोज इबूत लावतो की न्हाय?" सावित्रम्मा म्हणाली. "मग घराला वर्षातनं एकदा लावायला काय हात मोडत्यात?"

शिवलीला हसली आणि पदर खोचून उभी राहिली. त्या वर्षी भिंतीपेक्षा जास्त माती तिच्या अंगावर गेली. हात कोपरातून फिरवायची, त्यामुळं मधेच ठिगळं राहायची. सावित्रम्मानं तिचा हात धरून खांद्यापासून फिरवायला लावला. दुपारी रानातून आलेला शिवलीलाचा नवरा संगमेश दारात थांबला आणि आईला म्हणाला, "अव्वा, भिंत पोतारलीस का सून पोतारलीस?" त्यावर तिघंही पोट धरून हसली. सिद्धप्पा, म्हणजे संगमेशचे वडील, फारसं हसणारे गृहस्थ नव्हते. तेही तोंड फिरवून हसले.

पुढं शिवलीलाचा हात असा काही बसला की शेजारच्या बजाबाई तिला आपल्या घराची दर्शनी भिंत करायला बोलवायच्या. पोरसवदा सून, पण पोताऱ्याचे दिवस आले की सगळ्यांत आधी तीच उठायची. सावित्रम्माला मुलगी नव्हती. ती कुणाला तसं बोलून दाखवायची नाही, पण दसऱ्याच्या कामांत दोघी दिवसभर एकमेकींशी जे बोलायच्या ते ऐकणाऱ्याला सासू-सुनेचं वाटायचं नाही.

एका वर्षी भाद्रपदात पाऊस हटतच नव्हता. ओढा दोन्ही काठांनी भरून वाहिला आणि मग एकदाचा ओसरला. घट चार दिवसांवर आले, तेव्हा कुठं ऊन पडलं. सिद्धप्पा म्हणाले, "दरड अजून ओली हाय. थांबा जरा."

"घट थांबत्यात व्हय?" सावित्रम्मा म्हणाली. "समोरची भिंत निम्मी झाली. दोन-चार पाट्या आणल्या की झालं."

सकाळी ऊन चढायच्या आत सावित्रम्मा, शिवलीला आणि बजाबाई ओढ्यावर गेल्या. वर्षानुवर्षं बायकांनी खणून खणून तिथं दरडीच्या पोटात माणूस वाकून शिरेल एवढी खोबण झाली होती. तिच्या डोक्यावर काळ्या मातीचा थर आणि त्यावर एक बाभूळ. तरण्या बाईनं आत शिरून खणायचं आणि वयस्कांनी पाट्या उचलायच्या, हे ठरलेलंच होतं. शिवलीला आत गेली. बजाबाई तोंडाशी उभ्या राहून पाट्या घेत होत्या. सावित्रम्मा भरलेली पाटी डोक्यावर घेऊन काठ चढत होती.

"अत्ती, तुमी व्हा पुढं," आतून शिवलीलाचा आवाज आला. "एवढी एक पाटी भरते, म्हंजे दाराच्या वरचं पण हुईल."

"ये लवकर," सावित्रम्मा म्हणाली आणि चालू लागली.

धान्याचं पोतं उंचावरून टाकल्यासारखा एकच आवाज झाला. तिनं मागं वळून पाहिलं. बाभूळ आडवी झाली होती. बजाबाई पाण्यात पडल्या होत्या आणि ओरडत होत्या. खोबण होती तिथं नुसता काळ्या मातीचा ढीग होता.

सावित्रम्मानं पाटी टाकली, धावत खाली आली आणि हातांनी माती उपसू लागली. ओली काळी माती बोटांना धरून ठेवत होती. जेवढी काढावी तेवढी वरून घसरत होती. बजाबाई गावाकडं पळाल्या. माणसं फावडी घेऊन आली, रानातून संगमेश आला. कुणीतरी सावित्रम्माला बळंच बाजूला केलं. बायकांनी तिचं डोकं मांडीवर दाबून धरलं. त्यामुळं शिवलीलाला बाहेर काढलं तेव्हा तिनं पाहिलं नाही. फक्त माणसांचा गलका एकदम थांबल्याचं तिला ऐकू आलं.

पोलीस आले, पंचनामा झाला, गाडी सरकारी दवाखान्यात जाऊन परत आली. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात. सिद्धप्पांच्या शेताच्या बांधाला खड्डा घेतला. सोलापूरहून शिवलीलाची आई नीलम्मा आणि भाऊ गुरुलिंग आले होते. स्वामींनी मंत्र म्हटले, शिवलीलाच्या कपाळाला भस्म लावलं आणि लोक माती लोटायला पुढं झाले. नीलम्मा एकाएकी पुढं आली.

"मातीतनं काढलंत," ती म्हणाली, "आता परत मातीतच घालताय. मग काढलंत तरी कशाला?"

गुरुलिंगनं आईला धरून मागं नेलं. त्यानंतर नीलम्मा बिळेकट्टीत आली नाही.

घराची समोरची भिंत निम्मी पांढरी आणि निम्मी मळकी राहिली. दुःख झालेल्या घरी वर्षभर रंग लावत नाहीत, म्हणून तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. ग्रामपंचायतीनं ओढ्याच्या वळणावर आधी काटेरी फांद्या टाकल्या आणि पुढं मशीन लावून ती जागा सपाट केली. पण नसती केली तरी चाललं असतं. गावातल्या बायकांचं मनच त्या मातीवरून उडालं होतं. पुढच्या दसऱ्याला बजाबाईंच्या मुलानं अक्कलकोटहून आकाशी रंग आणला. मग कुणी पिस्ता लावला, कुणी गुलाबी, कुणी हळदीसारखा पिवळा. ज्यांना चुना लावता आला असता त्यांनीही लावला नाही. पांढरं दिसलं की आठवण यायची. दोन-तीन वर्षांत सगळं गाव रंगीत झालं. रस्त्यावरून जाणारा परका माणूस म्हणायचा, कसलं झोकात आहे गाव! गावातल्या माणसांना मात्र, भिंती तापायच्या म्हणून, उन्हाळ्यात उशा घेऊन झाडाखाली यावं लागायचं.

सावित्रम्माच्या घराला कुणी हात लावला नाही. ती भुई सारवायची, उंबरा धुवायची, पण भिंतीला बोळा टेकवला नाही. सिद्धप्पांनी एकदा सिमेंटचा गिलावा करून घ्यायचं काढलं. ती एवढंच म्हणाली, "राहू द्या." त्यांनी तो विषय सोडला. निम्म्या भिंतीवरचा पांढरा रंग पावसात धुऊन फिका होत चालला. ओसरीच्या आडोशाला तेवढा बरा टिकला. तिथं, दाराच्या उजव्या बाजूला, शिवलीलाचा हात खांद्यापासून फिरलेला स्पष्ट दिसायचा.

संगमेशनं शेत वडिलांवर सोडलं आणि सोलापूर गाठलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात त्याला काम मिळालं. तिथंच जवळ दुसऱ्या एका कामगाराबरोबर मिळून एक खोली घेतली. अमावस्येला गावी यायचा तो मोटारसायकल घरामागच्या गल्लीत लावून मागच्या दारानं आत यायचा. ओसरीत बसायचा नाही. आईनं वाढलं की खाली मान घालून जेवायचा, वडिलांना पिकाचं विचारायचा आणि निघून जायचा.

सावित्रम्मानं त्याचा एकच अर्थ लावला होता. घट थांबत्यात व्हय, असं म्हणणारी तीच होती. सुनेला घेऊन गेली ती. पुढं निघून आली तीही तीच. मुलाला आईचं तोंड बघवत नाही, म्हणून तो पुढच्या दारानं येत नाही. तिनं त्याला कधी विचारलं नाही. विचारलं आणि तो हो म्हणाला तर?

अशी पाच वर्षं गेली. मग नातेवाइकांनी संगमेशच्या लग्नाचा विषय काढला. तो नको म्हणायचा. शेवटी सिद्धप्पांना पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यातून परत आल्यावर ते म्हणाले, "संगू, आमच्या मागं तुझं कोण?" तेव्हा त्याला नको म्हणवलं नाही. टेंभुर्णीला किराणा दुकान असलेल्या एका घरातली महेश्वरी नावाची मुलगी ठरली. तिचंही पहिलं लग्न मोडलं होतं. शांत, कमी बोलणारी. मुलीकडची माणसं घर बघायला येणार, तेव्हा घराला रंग तर हवाच.

संगमेश येडू नावाच्या रंगाऱ्याला आणि रंगाचे डबे घेऊन आला. डबे मागच्या सोप्यात ठेवले. सावित्रम्मानं झाकणावरचा ठिपका पाहिला. फिकट गुलाबी.

"पांढरा मिळाला न्हाय का?" तिनं विचारलं.

"पांढरा सोडून कुठलाबी लाव, असं मीच सांगितलंय."

"समोरच्या भिंतीवर लीलाचा हात हाय, संगू."

"म्हणूनच," तो म्हणाला.

सावित्रम्मा इतकी वर्षं जे गिळत आली होती, ते त्या एका शब्दानं वर आलं. ती खांबाला धरून खाली बसली. "बोल एकदाचं," ती म्हणाली. "मी नेलं तिला. तुझा बाप नको म्हणत होता, तरी नेलं. मागच्या दारानं येतोस, मला कळत न्हाय व्हय? माझं तोंड बघवत न्हाय तुला. बोल की. मी ऐकून घेईन."

संगमेश तिच्यासमोर उकिडवा बसला.

"अव्वा, तुझ्यावर राग असता तर आलोच नसतो मी."

"मग?"

तो जमिनीवर बोटानं रेघा ओढू लागला. "तू बघितलं न्हाईस तिला," तो हळू आवाजात म्हणाला. "मी काढलं. वरची काळी बाजूला केली, तर आत सगळी पांढरी. तिच्या केसांत, भुवयांवर, पापण्यांवर. सगळं डोकं पांढरं. तोंडावरची माती उन्हानं वाळली आणि तिला अशा बारीक चिरा पडल्या. सुरकुत्या पडल्यागत. म्हातारी दिसत होती, अव्वा. मी म्हातारी झालेली लीला बघितली. अजून साठ वर्सांनी दिसली असती तशी. आता मी तिला आठवायला जातो तर तीच म्हातारी समोर येती. लग्नातली येत न्हाय. हसणारी येत न्हाय. ती भिंत दिसली की पहिली तीच म्हातारी येती. मी काय करू?"

सावित्रम्माला ते ठाऊक नव्हतं. पाच वर्षं ती ज्या भिंतीसमोर बसून सुनेला जवळ करत होती, त्याच भिंतीमुळं मुलाची बायको त्याच्यापासून दर वेळी आणखी लांब जात होती, आणि दर अमावस्येला भेटूनही दोघांनी एकमेकांना तेवढंसुद्धा सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळानं ती उठली. ओसरीतल्या भिंतीवरचं बसवेश्वरांचं चित्र काढून आत ठेवलं, कॅलेंडर काढलं, खुंटीवरची छत्री काढली. मग अंगणात विडी ओढत बसलेल्या येडूला म्हणाली, "कर बाबा सुरू."

येडूनं भिंतीवर नख मारून पाहिलं. "मावशी, असंच मारलं तर पेंट धरणार न्हाय. पापुद्रे निघत्याल. हे सगळं खरडावं लागंल."

"खरड."

तो पत्र्यानं खरडू लागला. बोळ्यानं लावलेले जुने पोतारे एकावर एक बसले होते. त्यांचे पापडासारखे थर सुटून खाली पडू लागले. वरचा शिवलीलाचा. त्याच्या खाली सावित्रम्मानं तिच्या बरोबर लावलेले. त्याखाली एकट्या सावित्रम्माचे. त्याच्याही खाली तिच्या सासूचे, जिला संगमेशनं पाहिलंही नव्हतं. मधे मधे हुरमुंजाचे तांबडे कण. सगळ्या बायकांची माती एकाच ढिगात पडली आणि कुठली कुणाची हे सांगता येईनासं झालं. सिद्धप्पा दारात उभे राहून बघत होते. मग त्यांनी फावडं आणलं. "बाहेर टाकू नका," ते म्हणाले. "माळवदावर टाकतो. तेवढंच गळायचं थांबंल."

सावित्रम्मा ढीग पाट्यांत भरून त्यांच्याकडं देऊ लागली. धूळ एवढी उडत होती की ओसरीत माणूस दिसत नव्हता. संगमेश येडूसाठी टर्पेंटाइन आणायला शेजारच्या गावी गेला होता. तो परत आला तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, न कळत, पुढच्या बाजूनं आला, कारण मागची गल्ली येडूच्या बांबूंनी अडली होती. तेवढ्यात पाटी घेऊन सावित्रम्मा ओसरीबाहेर आली.

तिचे केस पांढरे झाले होते. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. घामावर बसलेली धूळ वाळून चेहऱ्यावर चिरा पडल्या होत्या.

संगमेशच्या हातातली बाटली खाली पडली. तो रस्त्यातच खाली बसला आणि मग त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की येडूचा हात थांबला. शिवलीलाला मातीत बसवलं तेव्हाही तो असा रडला नव्हता. शेजारच्या घरातून बजाबाई बाहेर आल्या आणि कट्ट्यावरच थबकल्या. सिद्धप्पा माळवदावरून खाली बघत राहिले.

सावित्रम्माला आधी कळेना काय झालं. मग तिनं आपला हात वर करून बघितला आणि तिच्या लक्षात आलं. पाटी तिथंच ठेवून ती घाईनं परसात गेली. हौदातलं पाणी तिनं तांब्यानं डोक्यावर ओतलं, एकदा, दोनदा, तोंड चोळून चोळून धुतलं. लुगडं निथळत तशीच बाहेर आली आणि रस्त्यावर मुलाच्या शेजारी बसली.

"संगू, बघ. माझं तोंड हाय. बघ की वर."

त्यानं कशीबशी मान वर केली. ओल्या केसांतून पाणी तिच्या कपाळावर ओघळत होतं. केस मात्र अजूनही पांढरेच होते. धुऊन जाणारा तो रंग नव्हता.

"मी तर खरीच म्हातारी झाले रे," ती म्हणाली.

तो हसला की रडला ते कळलं नाही. त्यानं डोकं तिच्या ओल्या खांद्यावर टेकलं. गल्लीतून जाणारी माणसं बाजूनं गेली. बऱ्याच वेळानं तो उठला, बाटली उचलली. ती फुटली नव्हती. येडूला देऊन तो ओसरीत गेला आणि उरलेला ढीग स्वतः भरू लागला.

घर गुलाबी झालं. खाली गुडघाभर चॉकलेटी पट्टा. मुलीकडची माणसं आली, चहा पिऊन, "घर छान हाय" म्हणून गेली. मठात साधेपणानं लग्न लागलं. महेश्वरी आली. संगमेशनं कारखान्यातलं काम सोडलं नाही, पण आता तो आठवड्याला येऊ लागला आणि पुढच्या दारानं येऊ लागला. महेश्वरी सासूला कामाला हात लावू द्यायची नाही. तिच्यात खोट काढावी असं काही नव्हतं. तरी संध्याकाळी दिवा लावताना सावित्रम्माच्या तोंडात कधी कधी दुसरंच नाव यायचं. महेश्वरीला ते ऐकू यायचं. ती ओ द्यायची.

वैशाखात ऊन वाढलं. एकदा महेश्वरी म्हणाली, "अत्ती, भिंत रात्रीपर्यंत गरम राहते. हात ठेववत न्हाय." सावित्रम्मा नुसतं "हं" म्हणाली. सिद्धप्पांची बाज कडुनिंबाखाली गेली होती.

त्याच दिवसांत एका दुपारी सावित्रम्मा ओसरीत शेंगा फोडत बसली होती. गल्लीतून हातात पिशवी घेतलेली एक बाई हळूहळू पुढं गेली. थोड्या वेळानं तीच परत आली, दोन्ही बाजूंच्या घरांकडं बघत, आणि पुन्हा पुढं गेली. तिसऱ्यांदा ती ओसरीसमोर थांबली. ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून तिनं पदर पुढं ओढला होता.

"बाई, सिद्धप्पांचं घर कुटलं हो?"

सावित्रम्माच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. "अक्का," ती म्हणाली, "हेच."

नीलम्मानं तिच्याकडं बघितलं, मग भिंतीकडं. "मी पांढरं शोधत होते," ती म्हणाली.

सावित्रम्मानं तिला हाताला धरून आत आणलं, पाणी दिलं. नीलम्मा फार वाळली होती. पाणी पिऊन झाल्यावर तिनं पिशवीतून खण-साडी काढली. जावयानं दुसरी केली की पहिलीच्या आईनं तिला लेक मानायचं, ही रीत होती. ती रीत पाळायला नीलम्मा येईल असं सावित्रम्माला स्वप्नातही वाटलं नव्हतं. महेश्वरी खाली वाकली. नीलम्मानं तिची ओटी भरली आणि म्हणाली, "आजपासनं सोलापूर तुझं माहेर. गुरुलिंगला सांगितलंय मी. सणाला न्यायला येईल." महेश्वरीनं तिचे हात बराच वेळ सोडले नाहीत.

चहा झाल्यावर नीलम्मा म्हणाली, "मला तिच्याकडं घेऊन चला."

दोघी बांधाबांधानं शेतात गेल्या. रान नांगरून पडलं होतं, काळीभोर ढेकळं उन्हात तापली होती. बांधाच्या कडेला सिद्धप्पांनी दगडाचा लहानसा कट्टा बांधला होता, त्यावर एक लिंग. नीलम्मानं पिशवीतून भस्माची पुडी काढून लिंगाला बोटं ओढली आणि कट्ट्याला टेकून बसली. सावित्रम्मा थोडी लांब बसली.

"अक्का," सावित्रम्मा म्हणाली, "मी पुढं निघून आले हो. तिला तिथं सोडून."

नीलम्मा पदरानं कट्ट्यावरचा पाचोळा झाडत राहिली.

"तुमी मागं राहिला असता तर दोघी गेल्या असत्या," ती शेवटी म्हणाली. "खोटं कशाला बोलू, बरेच दिवस मला वाटायचं, जायला पाहिजे होतं तुमी पण. देवळात बसून तेच मागायची मी."

"आणि आता?"

"आता न्हाय मागत."

सावित्रम्मानं मान हलवली. त्यापेक्षा जास्त तिला कुणी काही दिलं नसतं आणि तिनं घेतलंही नसतं. वाऱ्याची एक झुळूक नव्हती. दोघी ऊन कलेपर्यंत तिथंच बसल्या. बोलल्या त्या शिवलीलाबद्दल. नीलम्मानं तिच्या लहानपणी चाळीच्या भिंतीला खडूनं काहीबाही काढून मार खाल्ल्याचं सांगितलं. सावित्रम्मानं तिच्या पहिल्या पोताऱ्याचं सांगितलं. नीलम्माला त्यातलं काही माहीत नव्हतं.

पाचच्या एसटीला सावित्रम्मा तिला फाट्यापर्यंत सोडायला गेली. "रहा की आजच्या दिवस," असं ती दोनदा म्हणाली. नीलम्मा म्हणाली, "येईन परत." गाडी आली आणि गेली.

सावित्रम्मा घरी आली तेव्हा महेश्वरी चुलीपाशी होती. सांडलेल्या शेंगा तिनं गोळा करून सुपात ठेवल्या होत्या. सावित्रम्मा ओसरीत बसली. पाठीमागची भिंत अजून तापलेलीच होती. तरी ती तिला टेकून बसून राहिली, आणि आतून महेश्वरीनं जेवायला हाक मारली तेव्हा उठली.